विचारा बिनधास्त: मोठा ससा आणि कोकणातली हवा

प्रश्न: आमच्याकडे ५ किलोच्या वरचा ससा आहे, विकणाऱ्याने फ्लेमिश जायंट या मोठ्या जातीचा म्हणून दिला. पडवीत जाळीच्या पिंजऱ्यात असतो. मागच्या टाचांचे केस गेलेत, कातडी लाल झालीय. शेजारच्या काकी म्हणतात हळद-खोबरेल लाव. आणि दुपारी नुसता धापा टाकतो. (गुहागर)

उत्तर: आधी त्याला जाळीवरून खाली उतरवा, हळदीचं नंतर बघू. कुत्र्यामांजरांच्या पंजाखाली गादी असते, सशाला तसलं काही नाही, नुसते केस, त्यामुळे छोटा ससा कसंबसं निभावतो पण एवढं धूड दिवसभर तारेवर बसलं की सगळा भार टाचेवर, केस झिजतात, मग लाल होतं, मग फुटतं, आणि इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं की प्रकरण हाताबाहेर. नुसता कोबा किंवा जांभा पण नको, घासतो. सपाट फळी, वर कोरड्या पेंढ्याचा जाड थर, ओला झाला की लगेच बदलायचा. नखं वाढलीत का तेही बघा, लांब नखांनी भार अजून मागे जातो. काहीही चोपडू नका, तो ते चाटणारच. रक्त किंवा खपली दिसली तर सरळ डॉक्टर, पण फोन करून विचारा ससे बघतात का, गाईगुरांचे डॉक्टर सगळेच बघतात असं नाही, आणि तोंडावाटे पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिन चालत नाही हे सशाच्या बाबतीत लक्षात असू द्या.

आता धापा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते, आणि आपल्याकडे उकाडा नुसता आकड्याचा नाही, दमटपणाचा आहे. तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की मोठ्या सशाला धोका, पत्र्याखाली तर विचारूच नका. दुपारी घरातल्या थंड लादीवर घ्या, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. बादलीत बुडवायचं नाही, त्या धक्क्यानेच जाईल. एवढं करूनही मान टाकली, लाळ गळायला लागली तर गाडी काढा.

(बाकी फ्लेमिश असेलच असं नाही हं, तो मोठा झाला की ६-७ किलो सहज भरतो, आपल्याकडे त्या नावाने बरेच मिक्स विकले जातात. काळजी तीच.)

प्रश्न: पावसात सुकं गवत मिळत नाही, भाताचा पेंढा घरचा भरपूर आहे, तोच दिला तर? (मालवण)

उत्तर: खाली घालायला उत्तम, चघळायलाही ठीक, पण पोट त्याच्यावर भरू नका, त्यात दम नसतो. सशाचं बहुतेक खाणं गवतच पाहिजे, दात आयुष्यभर वाढतात आणि आतडी चालू राहतात ती त्याच्यामुळे. मे मध्येच गवत कडक वाळवून झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा, बुरशीचा वास आला की फेकायचं, काटकसर नको. हिरवं गवत पावसात भरपूर आहे पण पाणी झटकून, थोडं थोडं वाढवत द्या, एकदम ढीग टाकलात तर हगवण लागेल. रताळ्याचे वेल, मुळ्याचा पाला, केळीचं पान चालतं. परसातलं अळू अजिबात नाही, कण्हेर तर विषच. गाजर म्हणजे सशाचा खाऊ, जेवण नव्हे. आणि १२ तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत तर उद्या बघू म्हणायचं नाही.

पावसात अजून एक, मोठ्या जाड सशाला मागचं अंग नीट चाटता येत नाही, तिथे घाण राहिली की माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. रोज शेपटीखाली बघा. कुत्र्याचं पिसवांचं औषध, फिप्रोनिलवालं, सशाला लावायचं नाही, जिवावर बेततं.

प्रश्न: गवत कापताना रानसशाचं पिल्लू मिळालं, आमच्या मोठ्या सशीबरोबर वाढवू का, पुढे जोडी होईल? (देवरूख)

उत्तर: नाही होणार. रानातला आणि पाळीव, दोन वेगळी जनावरं, संकर होत नाही, आणि रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लू बेवारस पण नसतं, आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. जिथून उचललंत तिथेच आज संध्याकाळच्या आत ठेवून या, आसपास कुत्री नाहीत ना बघून.