सीरियाच्या निर्वासितांना अरब देशांनी का घेतलं नाही? सगळे युरोपातच का गेले?

सगळे युरोपात गेले हेच मुळात खरं नाही. २०१५ ला टीव्हीवर बोटी आणि जर्मनीची स्टेशनं दिसत होती म्हणून आपल्याला तसं वाटतं. २०११ च्या मार्चमध्ये दरा शहरात आंदोलन पेटलं, राष्ट्राध्यक्ष असदच्या सरकारने गोळ्या घातल्या आणि नंतरच्या युद्धात देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. बरेचसे देशातच इकडून तिकडे हलले, बाहेर पडले त्यातले बहुतेक शेजारीच थांबले. तुर्कस्तान (तो अरब नाही), लेबनॉन, जॉर्डन, इराक.

लेबनॉन बघा, आपल्या सातारा जिल्ह्याएवढा देश, आणि २०१४ मध्येच तिथे नोंदणी झालेले सीरियन १० लाखांच्या वर गेले होते. १९४८ ला आलेले पॅलेस्टिनी परत जाऊच शकले नाहीत, त्यांच्या छावण्या कायमच्या झाल्या, म्हणून सरकारने सीरियनांना अधिकृत कॅम्प काढूच दिले नाहीत. मग बेका खोऱ्यात लोक शेतात तंबू टाकून राहिले आणि त्या जागेचंही भाडं भरत होते! जॉर्डनमध्ये झातरी कॅम्प आहे पण बहुतेक सीरियन अम्मान, इरबिदमध्ये भाड्याच्या खोल्यांत, शाळा दोन शिफ्टमध्ये, आणि पाण्याची बोंब त्या देशात आधीपासूनच.

गल्फबद्दलचा तुमचा राग मात्र मला पटतो. सौदी, कुवेत, यूएई यांनी १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपणही नाही केली), त्यामुळे तिथे सीरियन माणूस निर्वासित म्हणून नाही, आपल्या लोकांसारखाच व्हिसावर. मी सौदीत नोकरीला असताना सीरियातल्या होम्स शहराचा एक सहकारी होता, आईवडिलांना व्हिजिट व्हिसावर आणलेलं, दर वेळी मुदत वाढेपर्यंत त्याच्या जिवाला घोर. नोकरी गेली की सगळं कुटुंब उघड्यावर. कुवेतने २०१३ पासून सलग तीन वर्षं मदत परिषदा भरवल्या, पैसा दिला, पण हक्काने राहायला जागा कोणी दिली नाही, आणि सौदी, कतारने असदविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना शस्त्रं पुरवली होती म्हणून मला ते जास्त लागतं.

डिसेंबर २०२४ ला असद पळाला, तेव्हापासून लाखो लोक परत गेलेत, पण होम्स, अलेप्पोत वस्त्याच्या वस्त्या पडलेल्या आहेत. सौदी आणि कतारने २०२५ मध्ये सीरियाची वर्ल्ड बँकेची थकबाकी भरली हे चांगलंच केलं, आता घरं, वीज आणि शाळांचा खर्चही त्यांनीच उचलायला हवा, लेबनॉन जॉर्डनकडे आता द्यायला काही उरलेलं नाही.