डॉमिनोचा लाकडी होल्डर: खाचेची रुंदी, खोली आणि कल

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॉमिनोच्या डबल-१२ संचासाठी (सोंगटीच्या प्रत्येक अर्ध्यावर शून्य ते बारा ठिपके) तीन रांगांचा होल्डर करायचा आहे. पहिल्या नमुन्यात सोंगट्या खाचेत डुगडुगतात, खालचे ठिपके खाचेत बुडतात आणि पुढची रांग मागच्या रांगेला झाकते. खाच पाडायला राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं विजेचं हत्यार आहे.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. तिन्हींची उत्तरं मात्र सोंगटीच्या मापातच आहेत, म्हणून लाकडाला हात लावायच्या आधी व्हर्नियर (जाडी अचूक मोजायची पट्टी) हातात घ्या. संचातल्या दहा-बारा सोंगट्यांची जाडी मोजा आणि सगळ्यात जाड सोंगटी बाजूला काढून ठेवा. यापुढचं प्रत्येक माप तिच्यावरच तपासायचं. एकाच संचात जाडीचा थोडा फरक असतोच, आणि सरासरीवर खाच पाडली की दोन-चार सोंगट्या हमखास अडकतात. खालची मापं ५० × २५ × १२ मिमीची सोंगटी धरून दिली आहेत. तुमची वेगळी असेल तर हिशोब तोच ठेवा, आकडे बदला.

आधी सोंगटी आडवी ठेवायची की उभी, ते ठरवा. १२ मिमी जाडीची सोंगटी लांब कडेवर ठेवली की तिची उंची २५ मिमी. अशी सोंगटी मागे साधारण २५ अंश कलेपर्यंत स्वतःच्या वजनावर तोल सांभाळते. आखूड कडेवर उभी केली की उंची ५० मिमी होते आणि ती १३-१४ अंशांनाच मागे कोसळते. बरेच नमुने इथेच फसतात: कल १५ अंशांचा, सोंगटी उभी आणि आधाराला उथळ खाच. १ मिमी मोकळीक असलेल्या ४ मिमी खोल खाचेत सोंगटी सुमारे १४ अंश डुलते. म्हणजे डुगडुगण्याचं मूळ एकट्या रुंदीत नसून मोकळीक आणि खोली यांच्या प्रमाणात आहे.

मग खाच खोल का करू नये? कारण ठिपके. डबल-१२ मध्ये अर्ध्या सोंगटीवर बारापर्यंत ठिपके बसवलेले असतात, त्यामुळे खालची ओळ कडेला अगदी चिकटून येते. बाराची सोंगटी घ्या आणि कडेपासून सगळ्यात खालच्या ठिपक्याच्या खालच्या काठापर्यंत मोजा. जे माप येईल त्यापेक्षा अर्धा मिमी कमी, इतकाच खाचेचा पुढचा काठ उंच हवा. बहुतेक वेळा हे ३ मिमीच्या आसपास येतं. मागच्या भिंतीला ही अट नाही, ती हवी तेवढी उंच ठेवता येते. म्हणून सोंगटी आडवी ठेवा, खाच १५ अंश मागे कललेली ठेवा, पुढचा काठ ३ मिमी आणि मागची भिंत साडेसहा मिमी. कललेल्या खाचेचा तळही मागे उतरतो, त्यामुळे हा फरक आपोआप मिळतो. खाचेची रुंदी १२.८ मिमी, म्हणजे जाडीत ०.८ मिमी मोकळीक. यात सोंगटी स्वतःच्या वजनाने मागच्या भिंतीला टेकून बसते, पुढच्या काठाला फक्त तिला घसरू न देण्याचं काम उरतं.

उभ्याच हव्या असतील तर खाचेच्या भरवशावर राहू नका. मागे २०-२५ मिमी उंचीची, त्याच कलाची टेकण द्या आणि एकच रांग ठेवा. पंधरा सोंगट्यांना मग ४०० मिमी लांबी लागते. आडव्या सोंगट्यांची तीन रांगांची मांडणी मला यापेक्षा सरस वाटते, कारण टोकाला टोक जुळवून आख्खी गाडी, म्हणजे जुळत्या सोंगट्यांची साखळी, आधीच लावून ठेवता येते. एका रांगेत सहा, तीन रांगांत अठरा. चौघांच्या डावात हातात पंधरा धरल्या तरी उचललेल्या सोंगट्यांना जागा उरते.

आता रांगा झाकल्या जाण्याचं. टेबलाशी बसलेल्या माणसाची नजर होल्डरवर साधारण ४० अंशांनी उतरते. रांगांमधलं अंतर ३० मिमी आणि सगळ्या रांगा एकाच पातळीवर असतील, तर पुढची रांग मागच्या सोंगटीचा खालचा सुमारे ९ मिमी भाग झाकते, म्हणजे ठिपक्यांची आख्खी ओळ जाते. पायरी दिली तर हे टळतं: प्रत्येक मागची रांग १० मिमी वर. पायरी न देता अंतर वाढवायचं तर ते ४३ मिमीपर्यंत न्यावं लागतं आणि होल्डर टेबलभर पसरतो. काही जण सपाट फळीत सरळ खाचा पाडून पुढच्या बाजूला पाय लावतात आणि सगळी फळीच कलती करतात. एका रांगेला ते चालतं. तीन रांगांत मात्र पुढची रांग सगळ्यात वर आणि मागची सगळ्यात खाली जाते, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट.

पायऱ्या एका ठोकळ्यातून कोरू नका. ३० मिमी रुंद आणि १५ मिमी जाड अशा तीन पट्ट्या घ्या, तिन्हींत एकाच सेटिंगवर खाच पाडा. मग मधल्या पट्टीखाली १० मिमी आणि मागच्या पट्टीखाली २० मिमी जाडीची पट्टी चिकटवा आणि तिन्ही एकमेकींना जोडा. लाकडाच्या रेषा सगळीकडे लांबीत धावत असल्याने जोड पक्का बसतो आणि पुढे तडकत नाही. होल्डरची खोली ९० मिमी होते. लांबीसाठी सहा सोंगट्या सलग लावून मोजा, त्यात ५ मिमी मोकळीक आणि दोन्ही टोकांच्या अडवणुकीचे १२ मिमी मिळवा. साधारण ३२० मिमी येईल. पट्ट्या सुरुवातीला ३५० मिमी ठेवा, टोकं शेवटी छाटायची.

लाकूड बीच, मेपल किंवा सागवान, काहीही चालेल, फक्त वाळलेलं आणि सरळ रेषांचं हवं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको, ३ मिमीचा काठ त्यात भुसभुशीत होऊन झडतो. प्लायवूडचे थर खाचेत उघडे पडतात आणि सोलतात.

खाच पाडण्याची एक मेख सांगून ठेवतो. टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) पातं १५ अंश कलतं करून तीन-चार फेऱ्यांत खाच रुंद करायचा मोह होतो. पात्याची उंची प्रत्येक फेरीला तीच राहते, त्यामुळे तळ कलता न होता करवतीच्या दात्यांसारखा होतो आणि सोंगटी त्यावर डगमगते. म्हणून हत्यार सरळ ठेवा आणि लाकूड कलतं करा. एका सपाट फळीवर पाचर बसवा, ३० मिमी रुंदीत ८ मिमी उतार, म्हणजे १५ अंश. पट्टी पाचरीवर ठेवताना तिची मागची कड वर आणि पुढची कड खाली हवी. हे उलटं झालं तर खाच पुढे झुकते, म्हणून प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने ‘पुढे’ लिहून ठेवा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना समान उंचीच्या दांड्या लावा, त्यांवरून राऊटरचा तळ सपाट सरकला पाहिजे. पट्टी दुहेरी चिकटपट्टीने आणि दोन्ही टोकांच्या अडणींनी पक्की करा. एवढी अरुंद पट्टी हाताने धरून राऊटर चालवणं धोक्याचं आहे.

पुढे ६ मिमी सपाट काठ सोडून खाच सुरू करा. १२ मिमीचं सरळ बिट (राऊटरचं कापणारं पातं) घ्या आणि एका फेरीत ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नका, नाहीतर बीच आणि मेपल करपतात. खोली पूर्ण झाल्यावर उरलेल्या ०.८ मिमीसाठी गाईड (राऊटरला सरळ रेषेत ठेवणारी पट्टी) सरकवायचा. त्यासाठी पत्त्याची पानं फार उपयोगी पडतात, एक पान साधारण ०.३ मिमी. सुरुवातीपासून गाईडला तीन पानं लावून ठेवा आणि या फेरीला ती काढून टाका. या फेरीत बिट एकाच भिंतीला कापतं, तेव्हा दिशेकडे लक्ष द्या: राऊटर पुढे ढकलताना कापायचं लाकूड डाव्या हाताला असलं पाहिजे. उजवीकडे असेल तर बिट लाकडावर चढून राऊटर हातातून पुढे ओढतं आणि खाच वाकडी जाते.

आधी टाकाऊ तुकड्यावर खाच पाडा आणि बाजूला ठेवलेली जाड सोंगटी त्यात सोडा. ती न ढकलता तळाला गेली पाहिजे आणि तुकडा हलवला तर खडखडता कामा नये.

राऊटरचं काम नको असेल तर खाच न पाडताही हे जमतं. प्रत्येक पट्टी तीन चिपांची करा: पुढे ६ मिमी, मध्ये १४ मिमी आणि मागे १० मिमी रुंद. पुढची-मागची चीप १५ मिमी उंच. मधल्या चिपेचा माथा रंध्याने असा उतरवा की पुढे उंची १२ मिमी आणि मागे सव्वाआठ मिमी राहील. इथे भिंती उभ्या असतात आणि सोंगटी मात्र मागे कलते, म्हणून मधली चीप थोडी जास्त रुंद ठेवली आहे. हातच्या हत्यारांवर ही पद्धत जास्त अचूक ठरते.

जोडताना गोंदावर पट्ट्या घसरतात. गोंद लावून त्या एकमेकींवर घासा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच क्लॅम्प हळूहळू आवळा. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याच्या लगेच आधी जोडाच्या बाजू ॲसिटोनने पुसून घ्या. बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसला तर रेषांत पसरतो आणि पॉलिशनंतर डाग दिसतात. तो रबरासारखा झाला की पटाशीने उचला. क्लॅम्प तासाभराने काढले तरी छाटणी दुसऱ्या दिवशी करा.

टोकांना आडव्या फळ्या ठोकण्यापेक्षा खाचेच्या मापाचे ६ मिमी लांबीचे दट्टे त्याच लाकडातून कापून खाचेतच चिकटवा. त्यांच्या रेषा पट्टीच्या दिशेनेच ठेवा, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी जोड ओढला जात नाही. पुढच्या काठाची धार जेमतेम अर्धा मिमी मोडा. जास्त गोल केली तर ३ मिमीतून उरतं काय? खाच घासायला १२ मिमी जाडीच्या चिपेला एकाच बाजूने १८० नंबरचा पॉलिश पेपर लावा. बोटाने घासलं तर कोपरे गोल होतात.

खाचेत जाड वॉर्निशचे थर देऊ नका. दोन भिंतींवरचे थर मिळून तुमची मोकळीक खातात आणि दमट हवेत सोंगट्या चिकटू लागतात. लाखेचे दोन पातळ हात पुरे. जवसाचं तेल वापरलं तर तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तळाला २ मिमी कॉर्क लावा, पण सगळं पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर खालून सुटलेली ओल कॉर्क उचलते.