मार्च मॅडनेसच्या पहिल्या चार दिवसांचं लोकांना एवढं वेड का असतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच अमेरिकेत आला आहात, ऑफिसात जो तो मार्च मॅडनेसचे, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या देशव्यापी बाद स्पर्धेचे, ब्रॅकेट (कोण कुणाला हरवेल याच्या अंदाजाचे तक्ते) भरतोय, आणि फायनल एप्रिलमध्ये असताना लोक मार्चमधल्या गुरुवारी-शुक्रवारी भर दुपारी कामं बाजूला ठेवून मॅच का बघतात ते कळत नाही. फक्त फायनल बघितली तर चालेल का, असंही विचारलंय.

मी तर म्हणेन, फायनल चुकली तरी चालेल, पहिला वीकेंड चुकवू नका.

आधी थोडक्यात रचना सांगतो. २०११ पासून पुरुषांच्या स्पर्धेत ६८ टीम असतात. मंगळवारी-बुधवारी ओहायोतल्या डेटनला चार मॅच होऊन त्यांच्या ६४ होतात. गुरुवारी सोळा मॅच, शुक्रवारी सोळा, मग शनिवारी आठ आणि रविवारी आठ. रविवारी रात्री ६४ पैकी १६ टीम उरलेल्या असतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. हरलात की घरी.

सगळी जादू या शेवटच्या तीन शब्दांत आहे. एनबीए या व्यावसायिक लीगच्या प्लेऑफमध्ये सात मॅचची मालिका असते. तिथे दुबळी टीम एखादी मॅच मारेल, फार तर दोन, पण चार मारणं विरळाच. इथे चाळीस मिनिटांत निकाल लागतो. ज्या कॉलेजचं नाव शेजारच्या राज्यात कुणी ऐकलेलं नसतं, त्याला देशातल्या सर्वांत बलाढ्य कॉलेजपेक्षा फक्त चाळीस मिनिटं चांगलं खेळायचं असतं.

मी जर्सी सिटीत राहतो. जर्नल स्क्वेअर स्टेशनला उतरून केनेडी बुलेवार्डने दक्षिणेकडे चालत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी लागते. छोटं कॉलेज, शहरातल्या इमारतींमध्ये मिसळून गेलेलं. त्यांच्या टीमचं नाव पीकॉक्स, म्हणजे मोर. २०२२ साली ते पंधरावं मानांकन घेऊन आले. आधी तीनदा या स्पर्धेत खेळले होते, पण एकही मॅच जिंकलेली नव्हती. समोर दुसरं मानांकन असलेली केंटकी. आठ वेळा विजेती झालेली टीम, आणि घरच्या मैदानात वीस हजारांवर प्रेक्षक.

१७ मार्च, गुरुवारची संध्याकाळ. मॅच इंडियानापोलिसला होती. आपल्या भागातलं कॉलेज म्हणून मी टीव्ही लावला होता. मध्यंतरापर्यंत चांगले खेळले म्हणजे झालं, असंच मनात होतं. पण मोर हटेनात. डॅरिल बँक्स एकामागून एक बास्केट टाकत होता, त्याने २७ गुण केले. बेंचवरून आलेल्या डग एडर्टने २० केले. बारीक मिशी ठेवलेला हा मुलगा आमच्या न्यू जर्सीचाच. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने एकट्याने ३० गुण केले आणि हुकलेले १६ बॉल (रिबाउंड) पकडले, तरी त्यांना सुटका मिळेना. बरोबरी झाली, जादा वेळ गेला, आणि सेंट पीटर्सने ८५-७९ ने मॅच मारली. मी सोफ्यावरून कधी उठून उभा राहिलो मला आठवत नाही.

एक गोष्ट टीव्हीवर बघताना मुद्दाम कान देऊन ऐका. एका शहरात एका दिवशी चार मॅच असतात, म्हणजे आठ कॉलेजांचे लोक तिथे आलेले असतात. दुपारी आपापल्या टीमचा रंग घालून बसलेले हे लोक, मॅच रंगायला लागली की हळूहळू छोट्या टीमचे होतात. सुरुवातीला सोळाव्या मानांकनाच्या बास्केटला चार टाळ्या पडतात. दहा मिनिटं उरली की अख्खा हॉल ओरडतो. ज्यांचा त्या पोरांशी काडीचा संबंध नाही, ती माणसं उभी राहून त्यांच्यासाठी घसा फोडतात. दरवर्षी हे बघतो आणि दरवर्षी अंगावर काटा येतो.

शनिवारी सेंट पीटर्सची मॅच मरे स्टेटशी होती. सलग २१ मॅच जिंकून आलेली टीम. त्या संध्याकाळी मी न्यूअर्क अव्हेन्यूवर किराणा आणायला गेलो होतो. गल्ल्यावरच्या मुलाने फोन राजगिऱ्याच्या चिक्कीच्या बरणीला टेकवून उभा केला होता. मेथीची जुडी, कढीपत्ता, तुरीच्या डाळीची पिशवी हातात घेऊन सहा-सात जण रांगेत, आणि कुणालाही घाई नव्हती. सामान मशीनसमोर धरता धरता त्याचा हात थांबायचा. एक आजी पुढे वाकून बघत होत्या. मागून कुणी विचारलं, 'किती झाले?' तो म्हणाला, 'अपने मोर आगे हैं।' त्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी बास्केटबॉल कधी हातात धरला नसेल. पण केनेडी बुलेवार्डवरून सगळ्यांचंच जाणं-येणं. मोर ७०-६० ने जिंकले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पर्ड्यूलाही ६७-६४ असं हरवलं. पंधरावं मानांकन असलेली कोणतीही टीम त्याआधी शेवटच्या आठांत पोचली नव्हती. तिथे नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना मोठ्या फरकाने हरवलं, आणि नंतर कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉल या आपल्या जुन्या कॉलेजात गेले. बरेच खेळाडूही पांगले. मोठ्या कॉलेजांकडे जे टिकतं ते छोट्यांकडे टिकत नाही. म्हणून ते चार दिवस मला एवढे मोलाचे वाटतात.

तुम्ही म्हणाल, असं शंभर वर्षांत एकदा होत असेल. पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२३ ला, आमच्या इथल्याच फेअर्ली डिकिन्सनने पहिलं मानांकन असलेल्या पर्ड्यूला ६३-५८ ने हरवलं. आदल्या मोसमात चार मॅच जिंकून बावीस हरलेली ही टीम. डेटनची पात्रता मॅच खेळून आलेली. उंचीच्या हिशेबाने देशात सर्वांत बुटकी. पर्ड्यूकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच. फेअर्ली डिकिन्सनचा डेमेट्रे रॉबर्ट्स पाच फूट आठ.

ही मॅच कुठे मिळाली तर जरूर बघा, बास्केटबॉल कळायला लागेल. ईडीच्या पाठीमागे उभं राहून त्याला अडवण्यात अर्थ नव्हता, तो डोक्यावरूनच बास्केट टाकणार. म्हणून एक जण त्याच्या पुढे, एक मागे, म्हणजे बॉल त्याच्यापर्यंत पोचायलाच नको. आणि पर्ड्यूची मुलं बॉल पुढे आणायला निघाली की पूर्ण कोर्टभर त्यांच्या मागे धावायचं, श्वास घ्यायला सवड द्यायची नाही. बाहेरून थ्री-पॉइंटर मारा, असं जणू त्यांना आव्हानच होतं, आणि पर्ड्यूचे ते नेम चुकत गेले. ताकद कमी असताना काय करता येतं, हे त्या चाळीस मिनिटांत जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं मी क्वचितच पाहिलंय. आदल्याच दिवशी न्यू जर्सीच्याच प्रिन्स्टनने, पंधराव्या मानांकनाने, ॲरिझोनाला ५९-५५ ने काढलं होतं.

फेअर्ली डिकिन्सनचा विजय म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची दुसरीच वेळ. १९८५ मध्ये ६४ टीमची स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्या मानांकनाच्या टीमनी सोळाव्याविरुद्ध सलग १३५ मॅच जिंकल्या होत्या. १६ मार्च २०१८ ला मेरीलँड बाल्टिमोर काउंटीने व्हर्जिनियाला २० गुणांनी लोळवलं, ७४-५४. मध्यंतराला २१-२१ होते! (स्त्रियांच्या स्पर्धेत हार्वर्डने हे १९९८ मध्येच, स्टॅनफर्डविरुद्ध, करून दाखवलं होतं. लोक ते विसरतात, आपण विसरू नये.) आणि व्हर्जिनियाने दुसऱ्याच वर्षी विजेतेपद पटकावलं. एवढ्या लाजेनंतर वर्षभरात परत उभं राहिलेल्या त्या पोरांबद्दल मला आजही आदर आहे.

ब्रॅकेटबद्दल: ६३ मॅचचे निकाल आधीच भरायचे असतात. एकूण शक्यता ९२ वर सतरा शून्यं एवढ्या. पूर्ण बरोबर आलेला ब्रॅकेट आजवर कुणाचा नोंदलेला नाही. २०१९ मध्ये ओहायोतल्या एकाचे पहिले ४९ निकाल बरोबर आले, त्यापुढे कुणी गेलेलं नाही. तेव्हा जाणकारांचे अंदाज वाचत बसू नका. पाचवा विरुद्ध बारावा या चार मॅचपैकी एखाद्या ठिकाणी बाराव्याला निवडा, तिथे उलटफेर नेहमीचा. बाकी मनाला येईल ते भरा, आणि ऑफिसातल्या एखाद्याला त्याच्या कॉलेजबद्दल विचारा. अर्धा तास तरी बोलेल, आणि तुमची ओळखही होईल.

आता मी स्वतः कशासाठी बघतो ते सांगतो. मी पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं खेळलो. शेवटची झोनलची मॅच आम्ही दोन गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन, घडी घालून जिमखान्यात परत द्यायची होती, ती कॉलेजची असायची. सरांनी वहीत नावापुढे खूण केली आणि म्हणाले, 'झालं, ये.' तिथून बाहेर पडल्यावर मी पुन्हा कधी नंबर असलेली जर्सी घातली नाही.

त्या ६४ टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या बहुतेक मुलांचंही हेच आहे. एनबीएत जाणारे मोजके. बाकीचे शिक्षक होतील, विमा विकतील, कुठेतरी कोच होतील. त्यामुळे जिंकणाऱ्यांचा जल्लोष चालू असतो तेव्हा कॅमेरा वळायच्या आत हरणाऱ्या बेंचकडे बघा. मॅच हातची गेली की शेवटच्या मिनिटाला कोच चौथ्या वर्षाच्या मुलांना एकेक करून बाहेर बोलावतो. मुलगा येतो, कोच त्याला मिठी मारून कानात काहीतरी सांगतो, मग तो ओळीने सगळ्यांच्या हातावर हात मारत बेंचच्या टोकाला जाऊन बसतो, आणि जर्सीची कॉलर वर ओढून तोंड झाकून घेतो.

गुरुवारची पहिली मॅच इथल्या वेळेने दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सुरू होते. त्या दिवशी जेवणाची सुट्टी तेव्हाच घ्या.