हातात ब्रश घेतलेला तो चिनी देव कोण?

प्रश्न: आम्ही ऐरोलीला राहतो. हाँगकाँग फिरायला गेलो तेव्हा हॉलिवूड रोडवरच्या मॅन मो देवळात हातात ब्रश घेतलेला एक देव बघितला, शाळकरी मुलं आईवडलांसोबत येऊन पाया पडत होती. गाइड नुसतं 'परीक्षेचा देव' म्हणाला. माझी लेक यंदा दहावीला, म्हणून विचारते, हा त्यांच्या सरस्वतीसारखाच का?

उत्तर: ताई, तो वेनचांग, ताओ पंथातला विद्येचा आणि साहित्याचा देव. शेजारी होता तो ग्वान यू, युद्धाचा. सप्तर्षींजवळ सहा ताऱ्यांचा एक गट आहे, त्यालाही चिनी लोक वेनचांगच म्हणतात.

पण याचं मूळ सिचुआन प्रांतातल्या झिथोंग गावचं, तिथला हा ग्रामदेव, आधी साप आणि विजांशी जोडलेला. देऊळ राजधानीच्या रस्त्यावर, त्यामुळे सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेला निघालेली मुलं इथे थांबायचीच, आणि निघताना वारापाऊस आला तर पहिला नंबर नक्की असं लोक मानायचे. असं करत करत गावचा देव परीक्षेचा झाला आणि १३१६ साली युआन घराण्याच्या बादशहाने त्याला रीतसर पदवी दिली.

सरस्वतीशी तुलना अर्धीच जुळते. आपण तिच्याकडे विद्या मागतो, हा मात्र कोण पास होणार, कितवा येणार याची वही सांभाळतो आणि त्यात माणसाचं वागणंही बघतो. मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते त्याचे दोन सेवक, एक बहिरा, एक मुका. ज्याला कळतं त्याला बोलता येत नाही, ज्याला बोलता येतं त्याला ऐकूच येत नाही, म्हणजे वरची गुपितं खाली येणार कशी? पेपरफुटीच्या बातम्या वाचून आपल्या पोरांचा जीव कसा तुटतो ते आपण बघतोच ना, तर एवढ्या जुन्या काळी लोकांनी देवाच्या दारातच त्याचा बंदोबस्त करून ठेवला हे मला फार मोठं वाटतं. गरिबाच्या पोराला अधिकारी व्हायचा रस्ता म्हणजे ती परीक्षा, तिच्यात गडबड झाली तर त्याने जायचं कुठे?

सोबत कधी कधी क्वेइशिंग नावाचा परीक्षेचाच दुसरा देवही दिसतो, चेहरा भयंकर, एका पायावर कासवाच्या डोक्यावर उभा, हातात ब्रश. दिसायला कुरूप म्हणून बादशहाने पहिला आलेला असूनही मान नाकारला अशी त्याची गोष्ट सांगतात.

चीनमधल्या त्या सरकारी परीक्षा १९०५ साली बंद झाल्या, देव काही मागे पडला नाही. तैवानमध्ये आजही मुलं हॉल तिकिटाची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवतात, नैवेद्याला सेलरी आणि कांद्याची पात. त्याचा जन्मदिवस चिनी दुसऱ्या महिन्याच्या तृतीयेला, बहुतेक वेळा मार्चमध्ये, म्हणजे आपल्या बोर्डाच्या परीक्षेच्याच दिवसांत. लेकीला मनापासून शुभेच्छा, ताई.