पोटनिवडणूक की फेरनिवडणूक?

प्रश्न असा आहे: पणजीत ऑगस्ट २०१७ मध्ये जी निवडणूक झाली तिला कुणी पोटनिवडणूक म्हणतं, कुणी फेरनिवडणूक. बरोबर काय, आणि यात ‘पोट’ कुठून आलं?

बरोबर शब्द पोटनिवडणूक. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटमाळा या शब्दांत जे ‘पोट’ आहे तेच इथं आहे: मोठ्या गोष्टीच्या आत सामावलेली धाकटी गोष्ट. हिंदीत याच जागी ‘उप’ येतो, म्हणून उपचुनाव. आपल्याकडे कोंकणीतही पोटवेंचणूक म्हणतात. विधानसभेची पाच वर्षांची मुदत चालू असताना एखादी जागा रिकामी झाली तर तेवढ्याच मतदारसंघात मतदान होतं आणि निवडून आलेल्याला उरलेलीच मुदत मिळते. शंका आली की हीच कसोटी लावावी: जिंकणाऱ्याला पूर्ण पाच वर्षं मिळणार की उरलेली?

पणजीवर ती लावून पाहा. ४ फेब्रुवारी २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सिद्धार्थ कुंकळ्येकर निवडून आले. मनोहर पर्रीकर केंद्रातून परतून १४ मार्चला मुख्यमंत्री झाले, पण ते आमदार नव्हते. सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. कुंकळ्येकरांनी राजीनामा दिला, जागा रिकामी झाली, २३ ऑगस्टला मतदान झालं आणि पर्रीकर ४,८०३ मतांनी जिंकले. त्याच दिवशी वाळपईतही पोटनिवडणूक होती. पुढं १७ मार्च २०१९ ला पर्रीकरांचं निधन झालं आणि १९ मे रोजी पणजीत पुन्हा पोटनिवडणूक झाली. ती बाबूश मोन्सेरात यांनी जिंकली. पण त्यांचीही ती आमदारकी २०२२ पर्यंतच, कारण मुदत मोजायची ती २०१७ च्या विधानसभेची. (गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हेही १९६३ ची सार्वत्रिक निवडणूक लढले नव्हते, मुख्यमंत्री झाल्यावर पोटनिवडणुकीतूनच सभागृहात आले.)

जागा रिकामी झाल्यापासून साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. त्या सदस्याची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर ती घेण्याचं बंधन नाही.

‘फेरनिवडणूक’चा घोटाळा होतो तो ‘फेरमतदान’मुळं. मतदानयंत्र बिघडलं किंवा केंद्र बळकावलं गेलं तर तेवढ्या केंद्रावर पुन्हा मत घेतात, ते फेरमतदान. उमेदवार तेच, निवडणूकही तीच. न्यायालयानं एखाद्याची निवड रद्द ठरवली आणि जागा रिकामी झाली, तर बोलताना फेरनिवडणूक म्हणतात खरं; पण कायद्याच्या लेखी तीही रिक्त जागा भरण्याचीच निवडणूक, म्हणजे पोटनिवडणूक. बातमीत तरी हाच शब्द वापरावा.

मध्यावधी निवडणूक याहून अगदी निराळी. तिथं एक जागा नव्हे, अख्खी विधानसभाच मुदतीआधी विसर्जित झालेली असते. गोव्यातलं पहिलं उदाहरण १९६७ चं. १९६३ मध्ये निवडलेली विधानसभा जनमत कौलासाठी (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर लोकांनी दिलेलं मत) डिसेंबर १९६६ मध्ये विसर्जित केली, १६ जानेवारीला कौल झाला आणि मार्चमध्ये नव्या विधानसभेसाठी मतदान. कौलाला मात्र निवडणूक म्हणू नये, त्यातून कुणीच निवडून आलं नाही. जानेवारी १९८० आणि मे २००२ च्या निवडणुकाही मध्यावधीच. मध्यावधीत निवडलेल्या सभागृहाला पूर्ण पाच वर्षांची नवी मुदत मिळते, त्यामुळं एका मतदारसंघाच्या मतदानाला मध्यावधी म्हणणं चूकच.

लिहिताना पोटनिवडणूक हा एकच शब्द, मध्ये जोडरेघ नको. ‘पोटनिवडणूक’मध्ये णू दीर्घ, प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की ऱ्हस्व: पोटनिवडणुकीत, पोटनिवडणुका.