फेब्रुवारीची परीक्षा आणि डिसेंबरचे तिकीट

चि. ...
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. श्टुटगार्टमधला पहिला हिवाळा, मास्टर्सचे सहा विषय, कंपनीतले आठवड्याला वीस तासांचे काम, डिसेंबरअखेर नाशिकला होणारे मामेभावाचे लग्न, मैत्रिणींनी ठरवलेली पॅरिसची सहल आणि जानेवारीत मुदत संपणारा रहिवासी परवाना, हे सगळे एका पानावर मांडून तू विचारले आहेस की यातले नेमके काय सोडायचे. घरचे म्हणतात, एवढे तिकीट काढून येतेस तर दीड महिना तरी राहा. त्यांचे म्हणणे मायेचे आहे आणि त्यात काही चूक नाही. पण तुझ्या सत्राचे वेळापत्रक त्यांना ठाऊक नाही, आणि पत्रावरून असे दिसते की ते तूही अजून नीट समजून घेतलेले नाहीस.

जर्मनीतले हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. तासिका मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच चालतात आणि त्यानंतरच्या काळाला सगळे विद्यार्थी सुट्टी म्हणतात. लेखी परीक्षा असतात त्या याच सुट्टीत: काही विषयांच्या फेब्रुवारीत, काहींच्या थेट मार्चमध्ये. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना तुला इनसेमची सवय होती. सत्राच्या मध्यावर काही गुण हाती येत आणि आपण कुठे आहोत हे कळत असे. इथे बहुतेक विषयांत नव्वद मिनिटांची किंवा दोन तासांची एकच परीक्षा सगळा निकाल ठरवते, आणि तोपर्यंत कोणीही तुला विचारत नाही की तू वर्गात होतीस की नव्हतीस. ही मोकळीक पहिल्या सत्रात फार फसवते. डिसेंबरमध्ये सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते, कारण तोवर कशाचीच परीक्षा झालेली नसते. अनेक अभ्यासक्रमांत एका विषयासाठी तीनच प्रयत्न मिळतात. शेवटच्या प्रयत्नातही अपयश आले तर विद्यापीठातून नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठात घेण्याचा मार्गही सहसा बंद होतो. तुझ्या विभागाचा परीक्षेचा नियम या आठवड्यातच वाचून काढ, आणि परीक्षेच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत कधी संपते तेही पाहून ठेव. ही मुदत चुकली तर पूर्ण तयारी असूनही परीक्षेला बसता येत नाही, आणि ती अनेकदा नेमकी ख्रिसमसच्या आगेमागे येते.

आता हिशेब करू. एका सत्राचे तीस क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांचे काम धरलेले असते. तीस तासांनी मोजले तर सत्राचा अभ्यास ९०० तासांचा होतो. सत्राच्या सव्वीस आठवड्यांत तो समान वाटला, तर एकही आठवडा सुट्टी न घेता आठवड्याला साधारण पस्तीस तास पडतात. त्यात नोकरीचे वीस तास मिळव, पंचावन्न झाले. तू सहा आठवडे नाशिकला राहिलीस, तर तेच ९०० तास वीस आठवड्यांत बसवावे लागतील, म्हणजे अभ्यासाचे पंचेचाळीस आणि कामाचे वीस मिळून पासष्ट. याशिवाय स्वयंपाक, कपडे, जर्मनचा वर्ग आणि अंधारून आलेल्या हिवाळ्यात थोडे चालणे-फिरणे आहेच. तू कष्टाळू आहेस याबद्दल मला शंका नाही, पण हा आकडा कष्टाने सुटणारा नाही. नाशिकला पुस्तके घेऊन जाईन आणि तिथे वाचेन असे तू लिहिले आहेस. लग्नघरात अभ्यास होत नाही, आणि होऊही नये. त्या घरात तू मनाने पूर्णपणे असायला हवीस.

नोकरीचा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून पैशातच बोलते. २०२६ च्या १ जानेवारीपासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. तेवढ्याच दराने आठवड्याला वीस तासांचे महिन्याला सुमारे १,२०० युरो होतात आणि बारा तासांचे सुमारे ७२०. फरक ४८० युरोंचा, म्हणजे तासिकांच्या चार महिन्यांत १,९०० च्या आसपास. या वरच्या आठ तासांमुळे सत्र लांबले तर काय होते तेही पाहा. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क भरावे लागते, आणि ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या बँक खात्यासाठी, सरकारने धरलेला महिन्याचा खर्च ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे हे ५,९५२ आणि शुल्काचे १,५००, म्हणजे जवळजवळ साडेसात हजार युरो. शिवाय अर्ध्या वर्षाचा पूर्ण पगार गेला तो वेगळाच. घरी शैक्षणिक कर्ज आहे हे तू लिहिले आहेसच. त्याचे हप्ते अभ्यासक्रमाची ठरलेली मुदत आणि त्यावरची काही महिन्यांची सवलत संपली की सुरू होतात, आणि सत्र लांबले तर बँकेला आधी कळवून मुदतवाढ मागावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या सत्रात वीस तास करू नयेत. दहा-बारा तास पुरेत, आणि ते मार्चमध्ये वाढवता येतात.

विभागात सहायक म्हणून काम मिळण्यासारखे असेल, ज्याला तुम्ही मुले हिवी म्हणता, तर थोडे कमी पैसे मिळाले तरी मी ते आधी घेईन. प्राध्यापकांना परीक्षेचे दिवस माहीत असतात. त्या आठवड्यांतले तास पुढे ढकलायला ते सहसा तयार असतात. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, त्या मोजणीत विद्यापीठातले असे काम धरले जात नाही. ही १४० दिवसांची मर्यादा मार्च २०२४ पासून आहे. त्यापूर्वी ती १२० होती आणि जुने विद्यार्थी अजून तोच आकडा सांगतात. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस धरले जाते. आठवड्याला वीस तासांची जी अट तू ऐकली आहेस, ती मुख्यतः विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या आरोग्य विम्याच्या सवलतीशी निगडित आहे. तासिकांच्या काळात ती ओलांडली तर विम्याच्या दृष्टीने तू विद्यार्थिनी राहत नाहीस. दोन्ही मर्यादा वेगळ्या आहेत आणि दोन्ही पाळायच्या आहेत. कामाच्या दिवसांची नोंद तू स्वतः एका वहीत ठेव, कारण परवान्याच्या कार्यालयात उत्तर तुला द्यायचे आहे, कंपनीला नाही. रोख पैसे देऊन नोंद न करता काम देणाऱ्या उपाहारगृहाचा उल्लेख तू ओझरता केला आहेस. तिथे जाऊ नकोस, एका शनिवारीही नाही.

तुझ्या पत्रात रजेचा उल्लेखच नाही, यावरून वाटते की अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पगारी रजा मिळते हे तुला कोणी सांगितलेले नाही. जर्मन कायद्याने किमान चार आठवड्यांची वार्षिक रजा सर्वांना आहे, विद्यार्थ्यांनाही. तू आठवड्यातून दोन दिवस कामाला जात असशील, तर वर्षाला किमान आठ दिवसांची पगारी रजा तुझी आहे. नोकरीला सहा महिने होईपर्यंत ती पूर्ण मिळत नाही, महिन्यांच्या प्रमाणात मिळते. रजा लेखी मंजूर झाल्यावरच तिकीट काढायचे, हा क्रम मोडू नकोस. आणि नाशिकहून लॅपटॉपवर काम करीन हा विचार कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय मनातही आणू नकोस. युरोपबाहेरून काम केले की सामाजिक विमा, कर आणि माहितीची सुरक्षितता असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात, आणि अनेक कंपन्या त्यामुळेच त्याला साफ नकार देतात. वरिष्ठांनी तोंडी "चालेल" म्हटले, एवढ्यावर विसंबू नकोस.

आता परवान्याविषयी. माझ्या लेखी सगळ्यात तातडीचे काम हेच आहे, आणि तू ते शेवटच्या ओळीत लिहिले आहेस. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला की जुन्या परवान्याचे अधिकार निर्णय होईपर्यंत टिकतात. पण तुला विमानात बसवून घेणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर मुदत संपलेले कार्ड आणि अर्ज केल्याची ईमेल ठेवून भागत नाही. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने दिलेले फिक्सिओन्सबेशायनिगुंग हे तात्पुरते प्रमाणपत्र हातात लागते. त्यावर निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या चौथ्या उपकलमासमोर खूण आहे ना, हे तिथेच खिडकीवर तपासून घे. ती खूण असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येते. तिसऱ्या उपकलमासमोर असेल तर येत नाही. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून अर्ज आजच पाठव आणि डिसेंबरमधल्या प्रवासाची तारीख त्यात स्पष्ट लिही. तुझे कार्ड जानेवारीत संपते, म्हणजे मुदतीच्या आत परतायचे ठरले तरी विमान रद्द झाले किंवा आजारपण आले तर तू अडकशील. तिकीट शक्यतो थेट जर्मनीत उतरणाऱ्या विमानाचेच काढ. मुंबई ते फ्रँकफुर्ट असे विमान आहे, आणि वाटेत दुसऱ्या देशात कागद समजावून सांगण्याची वेळ येत नाही.

लग्नाला मात्र तू जावेस असे मला मनापासून वाटते. मामेभावाबरोबर एका घरात वाढलेली तू, ते चार दिवस इथे वसतिगृहात फोनच्या पडद्यावर पाहत काढलेस तर अभ्यासही धड होणार नाही. ख्रिसमसला विद्यापीठाच्या तासिका साधारण दोन आठवडे बंद असतात. त्याच्या आधीचे दोन दिवस धरून निघालीस आणि ६ जानेवारीपर्यंत परतलीस, तर अभ्यासाचे फारसे काही बुडत नाही. त्या दिवशी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सार्वजनिक सुट्टीही असते. घरच्यांना दीड महिन्याऐवजी पंधरवडा सांगताना त्यांना वरचा हिशेब जसाच्या तसा वाचून दाखव. तुझ्या वडिलांना आकडे पटतात. प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही तर मात्र जाऊ नकोस, आणि ही शक्यता घरी आत्ताच सांगून ठेव, म्हणजे आयत्या वेळी कोणाचा हिरमोड होणार नाही.

पॅरिसला या खेपेस नकार दे. श्टुटगार्टहून पॅरिसला थेट वेगवान गाडीने सव्वातीन तासांत पोहोचता येते, त्यामुळे ती सहल मे महिन्यातल्या एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत सहज होईल. वैध जर्मन परवान्यावर शेंगेनमधल्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटातल्या, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. फक्त पारपत्र आणि कार्ड दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेव. लंडन आणि डब्लिन यात बसत नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो.

पुढच्या वर्षांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेव. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन तासिका सुरू झाल्यावर येते. तेव्हा घरी जाण्याचा हट्ट विद्यार्थिदशेत सोडून द्यावा आणि फराळ इथल्या मराठी मंडळींबरोबर करावा. गणपती मात्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये येतात, आणि तेव्हा तासिका नसतात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तुझ्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो हे मला माहीत आहे. उन्हाळी सत्राच्या परीक्षा कोणत्या तारखांना आहेत ते पाहून ज्या वर्षी जमेल त्या वर्षी तेव्हा जा, आणि लग्नाच्या निमित्ताने काढलेल्या सुट्टीऐवजी खरी मोठी सुट्टी त्या वेळी घे. गुढीपाडवाही बहुधा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, उन्हाळी सत्राच्या तासिका सुरू होण्याआधी येतो. मार्चमधल्या परीक्षा झाल्यावर तोही साधण्यासारखा आहे.

रविवारपर्यंत मला तीन गोष्टी लिहून पाठव: सहाही विषयांच्या परीक्षांच्या तारखा, नोंदणीची शेवटची मुदत, आणि परवान्याचा अर्ज पाठवल्याची पोच. अर्जाचा जर्मन मसुदा पाठवण्याआधी मला दाखवलास तर मी संध्याकाळी बसून तपासून देईन. कामाचे तास कमी करण्याविषयी वरिष्ठांशी बोलायला संकोच वाटत असेल तर तेही लिही. ते पत्र आपण दोघी मिळून तयार करू.

तुझी,
मावशी