मित्रांना कोणतं गणिती कोडं घालावं?

तुम्ही विचारलंय की मित्रांच्या ग्रुपवर गणिती कोडी रोज येतात, पण एक तर दोन मिनिटांत विषय संपतो नाहीतर भांडण लागतं. मग लक्षात राहील असं कोडं कोणतं घालावं?

भांडण लागतं ते बहुधा ‘८ ÷ २(२+२) = किती?’ या जातीच्या कोड्यावर. कोणी १ म्हणतो, कोणी १६. लिहिणाऱ्याने आणखी एक कंस घातला असता तर वादच उरला नसता. असली कोडी मी पुढे पाठवत नाही.

आम्ही पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढतो. चढताना एकाने कोडं घालायचं आणि वर पिठलं-भाकरी समोर येईपर्यंत उत्तर फोडायचं नाही, हा आमचा नियम. त्यातलं माझं सर्वांत आवडतं कोडं जुनंच आहे, आम्ही ते फक्त सिंहगडावर आणलं.

एक माणूस सकाळी सहाला पायथ्याहून निघतो आणि आठला गडाच्या पुणे दरवाज्यात पोचतो. वाटेत दम खातो, सरबत प्यायला थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पुणे दरवाज्यातून त्याच वाटेने उतरायला लागतो आणि सव्वासातला खाली येतो. तर वाटेवर अशी एखादी जागा नक्की असेल का, जिथे तो दोन्ही दिवशी घड्याळात तीच वेळ असताना होता?

पहिली प्रतिक्रिया ‘छे, वेग वेगळा, मग नक्की कसं सांगणार?’ अशीच होती. एकाने वेग ‘क्ष’ धरून समीकरण मांडायला घेतलं, दुसरा मोबाइलवर आलेख काढत बसला. आमच्यातल्या एका मैत्रिणीने दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. तिने वरून येणाऱ्या एका काकांना नेहमीचा प्रश्न विचारला, “काका, अजून किती राहिलं हो?” “आलंच, दहा मिनिटं!” काका पुढे गेले आणि ती जागीच थांबली. “अरे, दोन दिवस कशाला हवेत? दोघं एकाच दिवशी सहाला निघाले समजा, एक खालून, एक वरून. वाट एकच आहे. भेटल्याशिवाय जातील कुठे?”

मला वाटतं चांगलं कोडं ते, ज्याचं उत्तर सापडलं की ‘बरोबर आहे ना?’ असं कोणाला विचारावंच लागत नाही. म्हणून उत्तर सांगायची घाई करू नका. मित्र चिडला तरी चालेल.

सतरा उंट तिघा भावांत निम्मे, एक तृतीयांश आणि एक नवमांश असे वाटायचे, म्हणून एक उंट उसना आणून वाटणी करतात, हे कोडं सगळ्यांना पाठ असतं. ते घालायचंच तर पुढचं विचारा, उसना आणलेला अठरावा उंट परत उरतोच कसा? (निम्मा, तिसरा आणि नववा हिस्सा मिळून १७/१८च होतात.)

आकड्यांची आवड असलेल्यांसाठी मात्र कापरेकरांना पर्याय नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. त्यांनी शोधलेली गंमत अशी: कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेला आकडा वजा करा, आणि जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. फर्ग्युसनमध्ये असताना कापरेकरांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं ते १९२७ साली. तोच आकडा घेऊन बघू:

९७२१ − १२७९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या! मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मित्राला मात्र हे वाचायला देऊ नका. त्याला त्याच्या जन्मसालापासून सुरुवात करू द्या, कागदावर, स्वतःच्या हाताने.

तीन अंकी आकड्यांचंही असंच होतं, तेही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. कुठे, ते मी सांगणार नाही. शून्य पुढे आलं तर ते गाळू नका, आणि दर वजाबाकीत मधल्या अंकाकडे लक्ष ठेवा.